शंभरी ओलांडलेलं काडाचं घर

गव्हाच्या काडाच्या भिंती टिकून टिकणार किती? फ्रान्समधल्या माँतार्जी इथे १९२० साली एमिल फयेत या इंजिनिअरने लाकडी सांगाडा उभारून त्यात काडाचे गठ्ठे भरले. ते घर आजही उभं आहे.

हे तंत्र कार्यशाळेत हातानेच शिकावं लागतं. छपराचा भार लाकूड पेलतं. काड फक्त ऊब धरतं. गठ्ठा लांब निघाला, तर मोठ्या सुईने नवी दोरी ओवून आवळायची, मगच जुनी कापायची. क्रम चुकला की गठ्ठा विस्कटलाच! पुढे तो खांबांमध्ये ठोकून घट्ट बसवायचा, वर मातीचा गिलावा.

आगीची धास्ती सगळ्यांनाच. पण दाबलेल्या काडात हवा खेळत नाही, ते सहजी पेटत नाही. खरा वैरी ओल. म्हणून जोतं उंच आणि वळचण रुंद हवी.