ट्रेकवरील जेवणाचे नियोजन : उंची, वजन आणि इंधन

उद्दिष्ट : चार जणांच्या तीन दिवसांच्या ट्रेकसाठी शिधा व गॅस यांचा हिशेब करणे. उदाहरण म्हणून झाशीहून उत्तराखंडातील केदारकांठा येथे जाणारा गट घेऊ.

१. उंची
साधारण ३०० मीटर चढल्यावर पाण्याचा उत्कलनबिंदू १ अंशाने उतरतो. झाशीत (सुमारे २८५ मीटर) पाणी ९९ अंश सेल्सिअसला उकळते, कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) सुमारे ९४.५ अंशांना आणि २,७०० मीटरवरील मुक्कामी सुमारे ९१ अंशांना. ज्योत मोठी केली तरी उघड्या पातेल्यातले पाणी याहून अधिक तापत नाही. गॅस मात्र वाया जातो. म्हणून राजमा, छोले घरीच ठेवावेत. पोहे, रवा, शेवया आणि भिजवलेल्या मूगडाळीची खिचडी योग्य.

२. वजन
बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. ते पाठीवर वाहून नेण्यात अर्थ नाही. एका माणसाचा रोजचा कोरडा शिधा असा धरावा :
- तांदूळ, डाळ, पोहे ४०० ग्रॅम : १,४०० किलोकॅलरी
- शेंगदाणे १०० ग्रॅम : ५७०
- गूळ १०० ग्रॅम : ३८०
- तूप ५० ग्रॅम : ४५०

एकूण ६५० ग्रॅममध्ये २,८०० किलोकॅलरी मिळतात. चार जणांना तीन दिवसांसाठी ७.८ किलो. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी करून वर नाव लिहावे. पहिल्या दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. चूल पेटवावी लागत नाही.

३. इंधन
१ लिटर पाणी १० अंशांवरून ९१ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३४० किलोज्यूल लागतात. १ ग्रॅम गॅसपासून सुमारे ४६ किलोज्यूल मिळतात, म्हणजे ७.४ ग्रॅम पुरावेत. वाऱ्यात निम्मी उष्णता वाया जाते, म्हणून १५ ग्रॅम धरा. चहा, नाश्ता, खिचडी मिळून रोज ६ लिटर, म्हणजे ९० ग्रॅम. मंद आचेवर शिजवण्यासाठी आणखी ४५. तीन दिवसांचे ४०५ ग्रॅम. २३० ग्रॅमचे दोन डबे पुरतात. झाकण आणि वाऱ्याला आडोसा हवाच.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. रेल्वेत गॅसचा डबा नेण्यास मनाई आहे. तो डेहराडूनला उतरल्यावर घ्यावा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका कळत नाही.

सराव : सहा जण, चार दिवस, मुक्काम ३,००० मीटरवर. उत्कलनबिंदू, शिध्याचे वजन आणि गॅस काढा.