लोअर आर्म कोणता घ्यावा?

गाडीच्या पोटाखाली : भाग ९

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, मागितला, की दुकानदार उलट विचारतो, "जेन्युइन देऊ, ब्रँडेड देऊ की लोकल?" जेन्युइन, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, आणि लोकल यांच्या किमतीत सहज दुपटीचा फरक असतो. काउंटरवर मात्र तिन्ही आर्म सारखेच काळे आणि सारख्याच आकाराचे दिसतात.

नजर टाकायची ती टोकाच्या बॉल जॉइंटवर. चाक ज्यावर बसतं तो नकल आणि आर्म यांना जोडणारी ही पोलादी गोळी प्लॅस्टिकच्या अस्तरात, ग्रीसमध्ये बसवलेली असते आणि वरून रबरी बूट. नव्या, चांगल्या जॉइंटची दांडी बोटांनी सहज हलत नाही. जोर लावला की सगळीकडे सारख्याच घट्टपणाने फिरते. हलक्या मालात ती सैल डुलते, नाहीतर मध्येच अडते. बुटाच्या तळाची रिंगही पाहावी. ती खोबणीत नीट बसली नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि गोळी झिजू लागते. आधी खड्ड्यात खटखट ऐकू येते. तिकडे दुर्लक्ष केलं तर एक दिवस दांडी सॉकेटमधून निसटते, चाक आडवं पडतं आणि गाडी जागेवर बसते. हे वळणावर वा हमरस्त्यावर झालं तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. त्यामुळे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा, तसाच गोळीचा टाय रॉड एंड यांत पैसे वाचवायला जाऊच नये.

ब्रँडेड म्हणजे जेन्युइनपेक्षा हलका, हा समज मात्र खरा नाही. १९६१ साली सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना शॉक ॲब्सॉर्बर पुरवते आणि बाजारात आपल्या नावानेही विकते. जर्मनीच्या झेडएफ समूहातल्या लेम्फर्डरचंही तसंच. तिच्या खोक्यातून निघालेल्या काही आर्मवर बीएमडब्ल्यूचं चिन्ह घासून काढल्याची खूण असते. अशा ठिकाणी जेन्युइनच्या जादा किमतीतला बराचसा भाग खोक्यावरच्या नावाचा असतो.

शॉकचा हिशेब वेगळा आहे. स्वस्त शॉक पहिले काही महिने छान चालतो, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण आतल्या दांडीवरचं क्रोमचं आवरण पातळ असलं की ते उडतं, खरखरीत दांडी ऑइल सील कापते आणि तेल बाहेर झिरपतं. शॉक बनवणारी मन्रो कंपनी ८०,००० किलोमीटरला शॉक बदलायचा सल्ला देते. आपल्या रस्त्यांवर त्याच्या बऱ्याच आधीपासून नळीवर तेलाचा ओघळ दिसतो का, ते पाहत राहिलेलं बरं. पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट बसवलेला शॉक, बदलायचा तर तो पूर्ण उतरवून स्प्रिंग दाबावी लागते आणि नंतर अलाइनमेंट. म्हणजे स्वस्त शॉक दोनदा बदलला, की मजुरीही दोनदा.

लिंक रॉडला हे लागू नाही. दोन नट सोडले की तो निघतो, अलाइनमेंट बिघडत नाही, आणि खराब झाला तरी कटकट वाजतो आणि वळणावर गाडी थोडी जास्त झुकते, इतकंच. तिथे बऱ्यापैकी लोकल माल बिनधास्त घ्यावा.

खरी फसवणूक होते ती नामांकित खोक्यातल्या डुप्लिकेट मालाने. अशा वेळी पैसे ब्रँडचे जातात आणि गाडीला लागतो लोकल. अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल हाच त्यावरचा उपाय, कारण त्याशिवाय वॉरंटीचा दावाही टिकत नाही.

माल उत्तम असला तरी तो बसवताना वाया जाऊ शकतो. आर्मच्या रबरी बुशचा बोल्ट पुष्कळ गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच पूर्ण आवळतात. गाडी खाली उतरली की रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि महागातला बुशही लवकर फाटतो. बोल्ट लिफ्टवर नुसता बसवून घ्यायचा आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आवळायचा. मेकॅनिकला हे काम सुरू होण्याआधीच सांगावं आणि शेवटचा पाना फिरताना शेजारी उभं राहावं.

पुढच्या आठवड्यात : टायरच्या कडा एकाच बाजूने का झिजतात?