दातांची चिठ्ठी

न्यूझीलंडमधल्या साठी-सत्तरीतल्या माणसाकडे शाळेतल्या ‘मर्डर हाउस’चा विषय काढा, हात आपसूक गालाकडे जाईल. शाळेच्या आवारातल्या दातांच्या दवाखान्याला पोरांनी ठेवलेलं हे नाव. वर्ग चालू असताना नाव पुकारलं जायचं आणि उरलेल्यांच्या पोटात गोळा यायचा. सुरुवातीला दात कोरायचं यंत्र शिलाई मशीनसारखं पायानं चालायचं. पाय मंदावला की दुखणं लांबायचं. सगळं पार पडलं की बाई कापसाच्या गुंडाळीचा भुंगा हातावर ठेवायच्या.

या बाई दंतवैद्य नव्हत्या. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून सैन्याच्या दंतविभागाचे प्रमुख थॉमस हंटर यांना देशाची खरी अवस्था कळली होती. १९२१ मध्ये त्यांनी वेलिंग्टनला तरुण मुलींना दात भरण्या-काढण्याचं दोन वर्षांचं शिक्षण सुरू केलं आणि त्यांना थेट शाळांमध्ये धाडलं. अनेक दंतवैद्यांना हे रुचलं नाही, त्यात नवल ते काय!

अमेरिकेत ब्रिजपोर्टचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना त्यांनी दात साफ करायला शिकवलं, १९१३ मध्ये त्याचा वर्ग काढला आणि पुढच्याच वर्षी अशा बायका तिथल्या शाळांत जाऊन मुलांचे दात घासू-पुसू लागल्या. माझ्या मते फोन्सच जास्त शहाणे. न्यूझीलंडमध्ये पुढे ‘कोरलं फार, वाचवलं कमी’ अशी टीका झालीच. पण तिथल्या बायकांच्या कष्टांची किंमतही सरकारनं फारशी केली नव्हती. १९७४ मध्ये त्यांना पगारासाठी संसदेवर मोर्चा न्यावा लागला.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ फुटला तो पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये. मुलांमध्ये तपासायच्या आजारांच्या त्याच्या यादीत किडलेले दात आहेत. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तोंड उघडायला लावतं, नोंद करतं आणि पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं. चिठ्ठी घरी पोचते. तालुक्याला जायचं तर बापाचा रोज बुडणार, आणि आजी म्हणते, दुधाचेच दात, पडायचेच आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. दात साफ करणारं किंवा भरणारं त्यात कुणी नाही.