सोलचं वार्तापत्र : आखूड केसांची किंमत

कोरियन मालिकांतल्या नायिकांची नावं आपल्याकडच्या मुलींना आता तोंडपाठ आहेत. त्यांच्या नितळ, चकाकत्या चेहऱ्यांमागे केवढी सक्ती आहे, ते इथं आल्यावर उमगतं. नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची इथली जुनी रीत. सरकारी संस्थांनी ती २०१७ मध्ये सोडली. खासगी कंपन्यांत अजून पुष्कळ ठिकाणी चालते.

एप्रिल २०१८ मध्ये एमबीसी वाहिनीच्या इम ह्यन-जू सकाळच्या बातम्या द्यायला चष्मा लावून बसल्या, तर तीच देशभर बातमी झाली. पुरुष निवेदक वर्षानुवर्षं चष्म्यातच बातम्या देत आले होते! त्याच वर्षी सौंदर्याच्या या सक्तीविरुद्ध ‘कॉर्सेट उतरवा’ ही चळवळ पेटली. तरुणींनी लिपस्टिक मोडल्या, पावडरी चुरडल्या, लांब केस कापून टाकले आणि त्याचे फोटो सगळ्यांसमोर ठेवले. स्वच्छतागृहांत छुपे कॅमेरे लावून बायकांचं चित्रीकरण करणाऱ्यांविरुद्ध त्याच उन्हाळ्यात हजारो जणी सोलच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या. मला हे दोन्ही राग एकाच मुळाचे वाटतात. बाईचा देह म्हणजे इतरांनी बघायची वस्तू, हे या बायकांना मुळातच नामंजूर होतं.

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वीस वर्षांच्या आन सान हिनं तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम तिच्याआधी कुठल्याही कोरियन तिरंदाजानं केला नव्हता. पण पुरुषांच्या एका मोठ्या गटाला खुपले ते तिचे आखूड केस. ही स्त्रीवादी आहे, माफी मागू दे, पदकं परत घ्या, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा हजारो कोरियन बायकांनी आपापल्या आखूड केसांचे फोटो टाकून तिची पाठराखण केली.

आन सानच्या मागं निदान देश उभा राहिला. मला जास्त काळजी वाटते ती साध्या नोकरदार मुलींची. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंजू शहरात रात्री दुकान सांभाळणाऱ्या एका तरुणीला एका माणसानं बेदम मारलं. केस आखूड म्हणजे तू स्त्रीवादी, आणि स्त्रीवादी बाईला मारच हवा, असं तो म्हणत होता. सोडवायला धावलेल्या प्रौढ गृहस्थालाही त्यानं जबर जखमी केलं. तिचा डावा कान कायमचा अधू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपिलात न्यायालयानं या हल्ल्यामागचा हेतू स्त्रीद्वेषच होता, हे मान्य केलं. शिक्षा मात्र तीन वर्षांचीच राहिली.