खेळातील विनिमय आणि द्वंद्व

अंगणात गोट्या खेळणारी मुले पाहिली म्हणजे दोन गोष्टी हटकून दृष्टीस पडतात. एक मुलगा आपली निळी गोटी देऊन सोबत्याची हिरवी घेतो. दुसरी जोडी डाव मांडून एकमेकांच्या गोट्या जिंकते. पहिला व्यवहार विनिमयाचा, दुसरा द्वंद्वाचा. संगणकावर हजारो अपरिचित माणसे एकत्र खेळू लागली, की याच दोन साध्या व्यवहारांतून केवढे प्रश्न उद्भवतात, हे ‘रूनस्केप’ या खेळाच्या इतिहासावरून समजून घेता येते.

इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅगेक्स या कंपनीने २००१ साली हा खेळ सुरू केला. त्यातील खेळाडू लाकूड तोडतो, धातू खणतो, शस्त्रे घडवितो आणि ती इतरांस विकतो. ऐन वेळी वस्तू बदलून फसविणारे लोक तेथेही होतेच. म्हणून देवघेवीची खात्री दोन वेळा, दोन निरनिराळ्या पटलांवर करावी लागे. द्वंद्वासाठी स्वतंत्र रणांगण होते. दोघे खेळाडू आपापली संपत्ती पणास लावीत, नियम ठरवीत आणि जिंकणारा सर्व काही घेऊन जाई.

पुढे या खेळातील सुवर्णनाणी खऱ्या पैशांस विकणारे व्यापारी निर्माण झाले. हे सुवर्ण जमविण्यासाठी चोरलेल्या क्रेडिट कार्डांचाही वापर होतो, असे कंपनीचे म्हणणे होते. आता प्रश्न असा, की विकलेले सुवर्ण ग्राहकाच्या हाती पोहोचवावयाचे कसे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोबदला न घेता ते देऊन टाकणे. हा मार्ग बंद केला तर विक्रेता द्वंद्वात मुद्दाम हरू शकतो. तोही बंद केला तर ‘वाइल्डरनेस’ नामक अरण्यात तो ग्राहकाच्या हातून मरण पत्करतो आणि त्याची संपत्ती ग्राहकास मिळते. म्हणजे दिसावयास तीन वाटा, परंतु त्या एकाच ठिकाणी जाऊन मिळणाऱ्या.

म्हणूनच २००७-०८ च्या सुमारास कंपनीने तिन्ही वाटांवर बंधन घातले. असमान मोलाची देवघेव बंद झाली, द्वंद्वातील पैजेस अल्प मर्यादा आली आणि अरण्यातील जुना संग्राम संपला. यावर मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, चोरी थोपविणे हे पहिले कर्तव्य होय. दुसरा विचारी, चोरासाठी घातलेली बेडी प्रामाणिक माणसाच्या पायांत का? मित्रास मौल्यवान तलवार भेट देणे हा काय गुन्हा आहे? दोन्ही बोलणी खरी होती, आणि यातच या प्रश्नाची अवघड बाजू आहे.

२०१० च्या अखेरीस कंपनीने खेळाडूंचे मत मागविले. दहा लाखांहून अधिक मते पडली व त्यांतील सुमारे नऊ दशांश मुक्त विनिमयाच्या बाजूने होती. त्यानुसार फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्त विनिमय आणि अरण्यातील संग्राम परत आले.

तथापि द्वंद्वाची कथा येथे संपली नाही. या खेळाच्या २००७ सालच्या रूपावर आधारलेली एक आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. तिच्यातील रणांगण हळूहळू द्यूतगृहासारखे झाले. कौशल्यापेक्षा दैवावर भरवसा ठेवून महिनोन् महिन्यांची कमाई एका डावात घालविणारे खेळाडू दिसू लागले. अखेर २०२२ साली ते रणांगण काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी नवे रणांगण आले. तेथे द्वंद्व आहे, परंतु पैज नाही.

या वृत्तान्तातून विवेकाचा एक धागा हाती लागतो. विनिमयात दोघेही काही मिळवितात. निव्वळ द्वंद्वात कौशल्याची परीक्षा होते. पण संपत्ती पणास लागली, की एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी ठरते. ही तिन्ही एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. अंगणातील मुले ‘हा डाव खोटा की खऱ्याचा?’ असे आधी विचारून घेतात. तोच प्रश्न संगणकापुढे बसणाऱ्यानेही खेळास आरंभ करण्यापूर्वी स्वतःस विचारावा, हे बरे.