आधी कुठला बाइट, आधी कुठला बिट?

२५ हा आकडा मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना आपण दोन आधी लिहितो, पण म्हणताना ‘पंच’ आधी येतं आणि ‘वीस’ नंतर. क्रम उलटा, किंमत तीच. आपला गोंधळ होत नाही, कारण हा नियम लहानपणीच अंगवळणी पडलेला असतो. सी प्रोग्रॅमला मात्र तो नियम आपल्यालाच सांगावा लागतो.

दोन बाइटची संख्या मेमरीत ठेवताना मोठ्या किमतीचा बाइट आधी आला तर ते बिग एंडियन, लहान किमतीचा आधी आला तर लिटल एंडियन. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये भांडणं होतात, तिथून डॅनी कोहेन यांनी १९८० साली ही नावं उचलली. आपले नेहमीचे लॅपटॉप आणि मोबाइल लिटल एंडियन असतात. इंटरनेटची हेडरं मात्र बिग एंडियन, आणि अवकाशयानांच्या पाकिटांची हेडरंही तशीच.

बंगळुरूजवळ ब्यालाळू इथे इस्रोचा ३२ मीटर व्यासाचा अँटेना आहे. २००८ साली चांद्रयान-१ शी संपर्क ठेवण्यासाठी तो वापरला गेला. मोहिमांची वैज्ञानिक माहिती साठवणारं केंद्रही तिथेच आहे. इतक्या लांबून आलेले बिट वाचायचे कसे, हे समजायला आपण अवकाश संस्थांनी मिळून ठरवलेलं सीसीएसडीएस मानकाचं पाकीट घेऊ.

या पाकिटाचं हेडर ६ बाइटचं असतं. पहिल्या दोन बाइटमध्ये, डावीकडून: ३ बिट आवृत्ती, १ बिट प्रकार (० म्हणजे यानाकडून आलेली माहिती, १ म्हणजे यानाला दिलेला आदेश), १ बिट पुढे दुय्यम हेडर आहे का याची खूण आणि ११ बिट ओळख क्रमांक. समजा, दोन बाइट असे आले:

००००१००१ ००१००१०१

आवृत्ती ०, प्रकार ०, दुय्यम हेडर आहे आणि ओळख क्रमांक २९३.

आता मोह होतो तो बिट फील्डचा. स्ट्रक्चरमध्ये ३, १, १, ११ अशी फील्डं मानकाच्याच क्रमाने लिहायची आणि आलेले बाइट त्यावर जसेच्या तसे चढवायचे. दिसायला सुंदर. पण साध्या लॅपटॉपवर जीसीसीने कंपाइल केलं तर उत्तर येतं: आवृत्ती १, प्रकार १, दुय्यम हेडर नाही, क्रमांक २९६. यानाकडून आलेली माहिती चक्क आदेश ठरली! कंपायलरची तक्रार नाही, प्रोग्रॅम बंदही पडत नाही.

‘मग बाइट आधी उलटे करून घेऊ,’ असं कोणी म्हणेल. केले, तर आवृत्ती ५ आणि क्रमांक ७३. म्हणजे रोग एक नाही, दोन आहेत. बाइटचा क्रम प्रोसेसर ठरवतो. फील्डं वरच्या बिटपासून भरायची की खालच्या, हे सी मानकाने कंपायलरवर सोपवलं आहे. एक फील्ड दोन साठवण-घटकांत विभागायचं की नाही, तेही कंपायलरच ठरवतो. लिनक्समध्ये आयपी हेडरची व्याख्या पाहिलीत, तर आवृत्ती आणि लांबी ही ४-४ बिटांची फील्डं दोन वेगवेगळ्या क्रमांनी दोनदा लिहिलेली दिसतील. कारण हेच.

सरळ उपाय असा: बाहेरून आलेलं सगळं चिन्हरहित बाइटांची रांग म्हणून घ्या आणि किंमत स्वतः जुळवा.

शब्द = (प[०] << ८) | प[१]
क्रमांक = शब्द & २०४७
प्रकार = (शब्द >> १२) & १
आवृत्ती = शब्द >> १३

इथे शिफ्ट मेमरीतल्या जागेवर नाही, किमतीवर चालतो. म्हणून प्रोसेसर कुठलाही असो, उत्तर तेच. चार बाइटची संख्या जुळवताना एक काळजी घ्या: पहिला बाइट २४ बिट सरकवण्याआधी त्याला ३२ बिटच्या चिन्हरहित प्रकारात आणा. नाहीतर तो साध्या इंटमध्ये सरकतो, आणि बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर निकाल काय येईल याची हमी भाषा देत नाही.

मग बिट फील्ड टाकाऊ का? नाही. प्रोग्रॅमच्या आतल्या आत छोट्या खुणा कमी जागेत ठेवायला ती उत्तम. ठरलेल्या चिपच्या रजिस्टरसाठी, ठरलेल्या कंपायलरसोबतही चालतात. घराबाहेर जाणाऱ्या माहितीसाठी मात्र नकोत.

क्रम लिहून ठेवण्याची शिस्त चांद्रयान-२ च्या संग्रहातही दिसते. तो पीडीएस४ पद्धतीत आहे. या पद्धतीत प्रत्येक फाइलसोबतच्या लेबलमध्ये संख्येच्या प्रकाराच्या नावातच मोठा बाइट आधी की लहान, हे लिहावं लागतं. वीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला अंदाज बांधावा लागू नये, म्हणून.

तुम्हीही एवढं करा: वरचे दोन बाइट चाचणीत घाला आणि उत्तर २९३ येतं का पाहा. सगळे बिट ० किंवा सगळे १ असलेली चाचणी उपयोगाची नाही, ती उलटीसुलटी सारखीच दिसते. पुढच्या भागात भेटू.