ग्राहकाचा शेरा आणि दुकानदाराचे उत्तर

जुन्या खानावळीत गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास आढळते : ‘आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हांला सांगा.’ स्तुती चार गावांत जावी आणि तक्रार मात्र चार भिंतींतच मिटावी, ही मालकाची इच्छा स्वाभाविकच होय. परंतु इंटरनेटने या पाटीचा अर्थच पालटून टाकला आहे. आजचा ग्राहक आवडले तरी सर्वांना सांगतो आणि न आवडले तरी सर्वांनाच सांगतो. तेही तोंडी नव्हे, लेखी; आणि ते लिहिलेले वर्षानुवर्षे तसेच राहते.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. १९९५ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉन ही पुस्तकविक्रीची कंपनी सुरू झाली व तिने पुस्तकाखालीच वाचकांना बरेवाईट मत लिहू दिले. पुढे २००० मध्ये प्रवाशांसाठी ट्रिपअ‍ॅडव्हायझर व २००४ मध्ये उपाहारगृहे, दुकाने यांसाठी येल्प निघाले. आपल्याकडे २००८ पासून झोमॅटो आणि त्यानंतर गूगलचा नकाशा यांनी ही पद्धत घरोघरी नेली. आज तालुक्याच्या गावातील चहाच्या टपरीलाही एक ते पाच तारे मिळत असतात. मालकाला त्याचा पत्ता असो वा नसो!

या ताऱ्यांमागे साधे सरासरीचे गणित आहे. एखाद्या दुकानाला पाचच जणांनी अभिप्राय दिला. चौघांनी पाच तारे व एकाने एक तारा दिला, तर सरासरी ४.२ होते. तोच एक नाराज ग्राहक दोनशे जणांमध्ये असेल आणि बाकी सारे संतुष्ट असतील, तर सरासरी ४.९८ राहते. म्हणजे एकाच माणसाचा राग छोट्या दुकानाला पाडू शकतो, मोठ्या दुकानाला त्याची झळही लागत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधील मायकेल लूका यांनी २०११ साली सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येल्पवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. परंतु हा परिणाम स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहांवरच आढळला. अनेक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांवर नाही. कारण उघड आहे. प्रसिद्ध नावाच्या दुकानात काय मिळेल हे ग्राहकाला आधीच ठाऊक असते. अनोळखी दुकानाची ओळख मात्र त्या ताऱ्यांवरूनच होते. म्हणून हा विषय मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान दुकानदाराच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

मग वाईट शेरा आला तर काय करावे? एक उदाहरण देतो. माझ्या मामांची एस. टी. स्टँडजवळ खानावळ आहे. एका प्रवाशाने लिहिले, ‘भाकरी गार. वाढायला उशीर. पुन्हा येणार नाही.’ मामांना तो शेरा वाचून दाखवला तेव्हा ते संतापले. “लिही त्याला, पन्नास जणांच्या पंगतीत तुझ्या एकट्यासाठी चूल पेटवायची काय?” असे म्हणाले. त्यांचा राग खोटा नव्हता. त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि भाकऱ्या थापायला एकच बाई होती. परंतु ही गोष्ट त्या प्रवाशाला ठाऊक नव्हती आणि पुढे तो शेरा वाचणाऱ्यालाही ठाऊक असणार नव्हती. शेवटी आम्ही असे उत्तर लिहिले : ‘आपण आलात त्या दिवशी आठवडी बाजार होता व भाकरी करणारी एकच बाई होती. आपणांस गार भाकरी वाढली गेली, ही आमची चूक. आता बाजाराच्या दिवशी दोघीजणी भाकरी करतात. पुन्हा जरूर यावे.’

या व्यवहारात माणसे दोन नसून तीन असतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एक तक्रार करणारा, दुसरा उत्तर देणारा आणि तिसरा मुकाट्याने दोघांचेही वाचणारा. पहिला ग्राहक कदाचित कधीच परत येणार नाही. उत्तर खरे म्हणजे त्या तिसऱ्यासाठी असते. तो उद्याचा ग्राहक आहे. गार भाकरी कोणाकडेही होऊ शकते, हे त्याला कळते. पण मालक माणूस कसा आहे, हे तो उत्तरावरून ताडतो. भांडण जिंकून गिऱ्हाईक गमावण्यात काय हशील?

संशोधनही याला दुजोरा देते. प्रोसेर्पिओ व झर्वास या दोन अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले, की ज्या हॉटेलांनी अभिप्रायांना उत्तरे देण्यास सुरुवात केली त्यांना १२ टक्के अधिक अभिप्राय मिळाले आणि त्यांची सरासरी ०.१२ ताऱ्याने वाढली. नाराजीचे शेरे संख्येने घटले, परंतु लांबीने वाढले. मालक वाचतो आहे हे कळले, की माणूस उगाच दोन शब्दांत शिवी देऊन जात नाही. काय घडले ते नीट लिहितो.

याउलट दोन आडवाटा आहेत. पहिली धाकाची. अमेरिकेतील हडसन गावाच्या एका अतिथिगृहाने, लग्नाच्या पाहुण्यांपैकी कोणी वाईट अभिप्राय लिहिल्यास ५०० डॉलर दंड कापू, असा नियम केला होता. २०१४ साली ही बातमी फुटताच त्याच्यावर वाईट शेऱ्यांचा अक्षरशः पाऊस पडला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेने कायदा करून ग्राहकाचे तोंड बांधणाऱ्या अशा अटी रद्दबातल ठरवल्या.

दुसरी वाट विकतच्या स्तुतीची. ती किती पोकळ आहे, हे लंडनच्या ऊबा बटलर या लेखकाने २०१७ साली दाखवून दिले. त्याने आपल्या परसातील शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवले, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले आणि एकही ताट न वाढता ते ‘उपाहारगृह’ लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले! ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु त्याच शहरात खरोखर चुलीपुढे घाम गाळणाऱ्यांचे क्रमांक तेवढेच खाली गेले, हे विसरता येत नाही.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. अभिप्राय देणारी व्यक्ती खरी असावी, तिच्या मजकुरात फेरफार करू नये, विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवण्यात आले.

तेव्हा छोट्या व्यावसायिकाने करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. गूगलच्या नकाशावरील आपल्या दुकानाची नोंद स्वतःच्या ताब्यात घ्यावी. ती विनामूल्य असते. सर्वच ग्राहकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी, फक्त खूश दिसणाऱ्यांना वेगळे काढू नये आणि त्याबद्दल सवलत वा बक्षीस देऊ नये. गूगलच्या नियमांतही या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. मजकूर खोटा किंवा शिवीगाळीचा असेल तर तशी तक्रार गूगलकडे नोंदवावी. केवळ आपल्याला आवडला नाही म्हणून तो काढला जात नाही. रागाच्या भरात उत्तर लिहू नये, रात्र जाऊ द्यावी. आणि एकच तक्रार तीनदा आली तर उत्तर लिहीत न बसता भटारखान्यात जाऊन पाहावे.

मित्रहो, आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाची शिलाई मशीन, कोणाची टपरी. घरात कॉलेजची पायरी चढलेले आपणच पहिले. पूर्वी गावात आलेले पत्र वाचून दाखवायला व त्याचे उत्तर लिहायला शिकलेल्या पोराला बोलावीत. आज ते पत्र मोबाईलवर येते, एवढाच फरक. आईवडिलांच्या कष्टाविषयी जगाने काही लिहिले असेल, तर ते त्यांना वाचून दाखवणे आणि त्यांच्या वतीने सभ्य, खरे उत्तर लिहिणे, हे काम आपल्याच वाट्याला आले आहे.

शिवाय आपण स्वतःही ग्राहक आहोत. कट्ट्यावर बसून गमतीने एक तारा देताना, त्या दुकानाला एकूण पाचच अभिप्राय आहेत की दोनशे, हे पाहावे. काही खटकले तर आधी गल्ल्यावर सांगावे. दखल घेतली गेली नाही, तर खुशाल लिहावे. पण घडले तेवढेच लिहावे. भिंतीवरच्या त्या पाटीची एवढी आठवण ठेवायला हरकत नाही.

(द्वितीय वर्ष कला)